वाइडस्क्रीन मॉनिटर निवडताना आणि तपासताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं काम मजकुराचं. लिहिणं, तपासणं, मोठमोठे तक्ते भरणं. दिवसाचे आठ-नऊ तास नजर मॉनिटरवर असते. ओळखीतलं कुणी नवा मॉनिटर घ्यायला निघालं की मला फोन येतो आणि प्रश्न जवळजवळ तेच असतात, म्हणून ते इथे एका जागी लिहून ठेवते आहे. आधी निवडीचे प्रश्न आहेत, मग तपासणीचे. तपासणीचा भाग कृपया सोडू नका. एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी ठेवले तरी सारखे निघत नाहीत, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

वाइडस्क्रीन म्हणजे नेमकं काय?

पडद्याची रुंदी आणि उंची यांचं प्रमाण. जुने मॉनिटर ४:३ किंवा ५:४ असायचे, म्हणजे चौरसाच्या बरेच जवळ. त्यापेक्षा रुंद ते वाइडस्क्रीन. आज बाजारात मुख्यतः चार प्रमाणं दिसतात: १६:१०, १६:९, २१:९ आणि ३२:९. शेवटच्या दोघांना अल्ट्रावाइड आणि सुपर अल्ट्रावाइड म्हणतात. २१:९ हा बोलण्यापुरता आकडा आहे. आडवे × उभे पिक्सेल (चित्राचे ठिपके) मोजले तर २५६० × १०८० चं खरं प्रमाण ६४:२७ भरतं आणि ३४४० × १४४० चं ४३:१८.

१६:९ आलं ते चित्रपट आणि टीव्हीच्या तडजोडीतून. १९८० च्या दशकात केर्न्स पॉवर्स या अभियंत्याने तेव्हा चालू असलेल्या प्रमाणांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत एकावर एक ठेवून पाहिले. ते सगळे ज्या चौकटीत मावत होते, ती १६:९ च्या आसपासची होती. मॉनिटर मात्र बराच काळ १६:१० कडे झुकलेले होते. १६८० × १०५० आणि १९२० × १२०० हे आकडे तेव्हाचे. २००८ च्या सुमारास टीव्ही आणि मॉनिटरची पॅनेलं काचेच्या मोठ्या तावातून एकाच प्रमाणात कापणं कारखान्यांना सोयीचं झालं आणि १६:९ ने बाजार व्यापला. म्हणजे हे प्रमाण वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाचा विचार करून ठरलेलं नाही. हे लक्षात ठेवलं तर पुढची निवड सोपी जाते.

किती इंची घ्यावा?

इंचाचा आकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा, म्हणजे कर्णाचा असतो. प्रमाण बदललं की तोच कर्ण वेगळी उंची देतो. मी स्वतः हे शिकले ते माझा जुना १९ इंची ५:४ मॉनिटर काढून २९ इंची अल्ट्रावाइड आणला तेव्हा. दहा इंचांनी मोठा मॉनिटर म्हणून आनंदाने उघडला आणि पहिलंच लांब पत्र उघडल्यावर खटकलं. पट्टी लावली. जुन्याची उंची ३० सेंटीमीटर होती, नव्याची साडेअठ्ठावीस. अक्षरं पूर्वीइतकी मोठी केली की पानावर पूर्वीपेक्षा कमी ओळी दिसत होत्या.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी उंची बघा. दृश्य भागाची साधारण मापं अशी येतात:

- २४ इंची १६:९: रुंदी ५३, उंची ३० सेंटीमीटर
- २४ इंची १६:१०: रुंदी ५२, उंची ३२
- २७ इंची १६:९: रुंदी ६०, उंची ३३.५
- ३२ इंची १६:९: रुंदी ७१, उंची ४०
- २९ इंची २१:९: रुंदी ६८, उंची २८.५
- ३४ इंची २१:९: रुंदी ८०, उंची ३३.५
- ४९ इंची ३२:९: रुंदी १२०, उंची ३३.५

३४ इंची अल्ट्रावाइड म्हणजे उंचीने २७ इंचीच, फक्त बाजूला वीस सेंटीमीटर जास्त. ४९ इंची म्हणजे २७ इंचीचे दोन पडदे मधली कड काढून जोडलेले. ऑर्डर करण्याआधी पुठ्ठ्याचा एक तुकडा या मापाने कापा, टेबलावर उभा करा आणि नेहमीच्या खुर्चीत बसून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. टेबल पुरेसं खोल आहे का तेही त्यातच कळतं, कारण अल्ट्रावाइडचे स्टँड मागे बरीच जागा खातात.

रिझोल्यूशन किती असावं?

एका इंचात किती पिक्सेल बसतात, तो आकडा काढा. २४ इंची १९२० × १०८० मध्ये सुमारे ९२ येतात. तेच रिझोल्यूशन २७ इंचावर ताणलं की ८२ होतात आणि अक्षरांच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसायला लागतात. २७ इंचाला २५६० × १४४० दिलं तर १०९, आणि ३४ इंची ३४४० × १४४० ला ११०. २७ इंचावर ३८४० × २१६०, म्हणजे ज्याला आपण ४के म्हणतो, ते १६३ देतं.

देवनागरी वाचणाऱ्यांनी या आकड्याकडे जास्त लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं. रोमन अक्षराचा बहुतेक भाग एका पट्टीत असतो. आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा पाय. तेवढ्याच उंचीत जास्त बारकावा बसवावा लागतो. मी एक छोटी फाइल करून ठेवली आहे. त्यात धर्मांध, कर्त्यांनी, कर्तृत्व, ऱ्हस्व, राष्ट्र, उद्ध्वस्त, द्वंद्व असे शब्द नेहमीच्या आकारात लिहिलेले आहेत. २७ इंची १०८० वाल्या मॉनिटरवर ‘कर्त्यांनी’मधला रफार आणि अनुस्वार मिळून एक काळा ठिपका झाला होता. ‘ऱ्हस्व’चा अर्धा ऱ् शिरोरेषेला चिकटलेली धूळ वाटत होता. त्याच अंतरावरून २५६० × १४४० वर दोन्ही सुटे दिसले.

तेव्हा माझं मत सरळ आहे: २४ इंचापर्यंत १०८० चालेल, २७ इंचापासून पुढे १४४० च्या खाली जाऊ नका. दिवसभर वाचनच असेल आणि परवडत असेल तर २७ किंवा ३२ इंची ४के घ्या.

४के घेतला तर अक्षरं फार बारीक होतील ना?

होतात, म्हणून स्केलिंग वापरायचं, म्हणजे सेटिंगमधून अक्षरं आणि चिन्हं मोठी करायची. २७ इंची ४के वर १५० टक्के ठेवलं की पडद्यावर मजकूर २५६० × १४४० इतकाच मावतो, पण प्रत्येक अक्षर रेखायला सव्वादोनपट पिक्सेल मिळतात. काही जुने प्रोग्रॅम स्केलिंगमध्ये धुरकट दिसतात. रोजच्या कामात असा एखादा असेल तर तो आधी तपासून घ्या.

आयपीएस, व्हीए, ओलेड यांतलं काय घ्यावं?

ही पॅनेलांची नावं आहेत. आयपीएस, व्हीए आणि टीएन हे एलसीडीचे प्रकार, ओलेड वेगळं. आयपीएसमध्ये बाजूने पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. रुंद पडद्याला हे महत्त्वाचं, कारण त्याच्या कडांकडे आपण नेहमी तिरकेच बघत असतो. कमतरता काळ्या रंगात. साध्या आयपीएसचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडातलं प्रमाण, १०००:१ च्या आसपास असतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी वाटतो. व्हीएमध्ये तो ३०००:१ किंवा त्याहून जास्त मिळतो आणि रात्री सिनेमा बघायला छान वाटतं. पण गडद रंगांची हालचाल त्यात मागे शेपटी सोडते आणि बाजूने पाहताना छटा फिकट होतात. टीएन आता मुख्यतः स्वस्त मॉडेलमध्ये उरलं आहे. त्यात मान जरा वर-खाली केली तरी रंग पालटतो. रुंद पडद्यासाठी मी ते सुचवणार नाही.

ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, त्यामुळे काळा म्हणजे खरोखर काळा आणि हालचाल अतिशय स्वच्छ. पण टास्कबार, तक्त्याच्या रेषा, मेनूच्या पट्ट्या अशा दिवसभर एकाच जागी असणाऱ्या गोष्टींचे डाग पडण्याचा धोका असतो. शिवाय अनेक ओलेड पॅनेलांत उपपिक्सेलची, म्हणजे पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या भागांची, मांडणी नेहमीपेक्षा वेगळी असल्यामुळे बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत झाक दिसू शकते. खेळ आणि चित्रपट मुख्य असतील तर ओलेड. आठ तास एकच तक्ता उघडा राहणार असेल तर आयपीएस.

वक्र पडदा हवाच का?

२७ इंचाला गरज नाही. ३४ इंचाला बरा वाटतो आणि ४९ इंचाला जवळपास आवश्यक, नाहीतर कडा डोळ्यांपासून फार लांब जातात. १८००आर म्हणजे ती वक्रता पूर्ण वर्तुळ झाली असती तर त्याची त्रिज्या १८०० मिलिमीटर भरली असती. आकडा जितका लहान तितका बाक जास्त, म्हणजे १०००आर चांगलाच वाकडा. सरळ रेषांचं काम करणाऱ्यांनी, म्हणजे आराखडे काढणाऱ्यांनी आणि पानं मांडणाऱ्यांनी, सपाटच घ्यावा.

एक अल्ट्रावाइड चांगला की दोन साधे मॉनिटर?

एकाच वेळी दोन कागद शेजारी ठेवून काम करायचं असेल तर अल्ट्रावाइडमध्ये मध्ये कड येत नाही आणि मान मध्यावर राहते. लांब आडव्या तक्त्यांना आणि व्हिडिओ संपादनाच्या टाइमलाइनला तर तो फारच सोयीचा. पण खिडक्या मांडायची शिस्त लागते. ब्राउझर पूर्ण रुंदीभर पसरला की एकेक ओळ इतकी लांब होते की पुढच्या ओळीची सुरुवात शोधावी लागते. विंडोज की दाबून डाव्या-उजव्या बाणाने खिडकी अर्ध्या भागात बसवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा. तीन भाग करायचे असतील तर विंडोज ११ मधले स्नॅप लेआउट किंवा मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या प्रोग्रॅममधलं फॅन्सीझोन्स उपयोगी पडतं.

दोन मॉनिटर घेतले तर एक उभा फिरवता येतो. लांब दस्तऐवज वाचणाऱ्याला याहून मोठं सुख नाही. ऑनलाइन बैठकीत स्वतःचा पडदा दाखवावा लागत असेल तरी दोन वेगळे मॉनिटर बरे, कारण अल्ट्रावाइडचा अख्खा पडदा समोरच्याच्या लहान लॅपटॉपवर चिंचोळी पट्टी होऊन पोचतो.

किती हर्ट्झचा घ्यावा? एक मिलिसेकंदाचा दावा खरा असतो का?

हर्ट्झ म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा. ६० हर्ट्झला चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १२० ला ८.३ नी, १४४ ला ६.९ नी. ६० वरून १००-१२० ला गेलात तर पान सरकवतानाही फरक जाणवतो. त्यापुढचा फायदा मुख्यतः वेगवान खेळ खेळणाऱ्यांना.

पिक्सेलला रंग बदलायला किती वेळ लागतो, त्या मिलिसेकंदाच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. तो बहुधा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला लवकर रंग बदलायला लावणारं सेटिंग) सर्वांत जोरात लावून मोजलेला असतो आणि त्या सेटिंगला हलणाऱ्या वस्तूभोवती उजळ, उलट्या रंगाची झाक येते. कधी तो आकडा एमपीआरटीचा असतो, म्हणजे हलतं चित्र किती धूसर दिसतं याची वेगळीच मोजणी. मेनूत ओव्हरड्राइव्हची मधली पायरी ठेवा, बहुतेक मॉनिटरवर तीच योग्य निघते.

खोक्यावर एचडीआर लिहिलं आहे. त्याचा उपयोग होईल?

एचडीआर म्हणजे चित्रातल्या उजळ आणि गडद भागांतला फरक जास्त ठळक दाखवणं. मॉनिटरची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा संस्थेच्या डिस्प्लेएचडीआर प्रमाणपत्रातल्या ४०० या पायरीला पडद्याच्या वेगवेगळ्या भागांतला प्रकाश स्वतंत्रपणे कमी-जास्त करण्याची अट नाही. त्यामुळे ४०० वाल्या साध्या एलसीडी मॉनिटरवर खरा परिणाम दिसत नाही. अनेकदा एचडीआर बंद ठेवलेलं चित्रच जास्त नीट दिसतं. फक्त या शब्दासाठी जास्त पैसे देऊ नका.

कोणती केबल लावायची?

तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांचं उत्तर मला केबलमध्येच सापडतं. एचडीएमआय १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झला चालतं आणि माउसचा बाण अडखळत फिरतो. ३४४० × १४४० सुद्धा त्यावर साधारण ५० हर्ट्झलाच अडकतं. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ असेल तर ४के ला ६० हर्ट्झ मिळतात. त्याहून जास्त हवे असतील तर डिस्प्लेपोर्ट १.४ किंवा एचडीएमआय २.१ बघा. पोर्ट दोन्हीकडचा तपासायचा, मॉनिटरचाही आणि कॉम्प्युटरचाही. जो कमी क्षमतेचा, तोच वेग ठरवतो.

यूएसबी-सीने एकाच वायरीतून चित्र आणि लॅपटॉपचं चार्जिंग दोन्ही होतं, पण प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर येतंच असं नाही. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात डिस्प्लेपोर्टचा उल्लेख शोधा आणि मॉनिटर किती वॅट देतो ते लॅपटॉपच्या चार्जरवरच्या आकड्याशी ताडून पाहा.

दुकानात डोळ्यांनी पाहून ठरवलं तर?

आकार, स्टँडची मजबुती, मॅट आहे की चकचकीत, कडांची जाडी एवढं दुकानात कळतं. रंग आणि प्रकाश कळत नाही, कारण तिथे दिव्यांचा लखलखाट असतो आणि सगळे मॉनिटर सर्वांत भडक मोडवर लावलेले असतात. जमल्यास स्वतःची शब्दांची फाइल पेनड्राइव्हवर न्या आणि ती उघडून दाखवायला सांगा. आणि परतीची मुदत किती दिवसांची आहे, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं?

खोकं, थर्माकोल आणि पिशव्या जपून ठेवा. मॉनिटर लावा, अर्धा तास चालू राहू द्या, म्हणजे प्रकाश स्थिरावेल. मग सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन मूळ, म्हणजे पॅनेलचं स्वतःचं, आहे ना आणि हर्ट्झ पूर्ण मिळतात ना ते बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर वर्षभर ६० वर वापरणारी माणसं मला माहीत आहेत. विंडोज पुष्कळदा स्वतःहून ६० च लावतं.

त्यानंतर ब्राइटनेस उतरवा. कारखान्यातून तो बहुतेक कमाल पातळीवर येतो. सोपी युक्ती अशी: पांढऱ्या पानाची खिडकी उघडा, शेजारी खोलीच्या उजेडात कोरा कागद धरा आणि दोन्ही जवळपास सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करत जा. आणि हो, पुढच्या सगळ्या चाचण्या याच पातळीवर करा. रोज ज्या उजेडात बसणार, त्या उजेडात दोष दिसतो की नाही, याला महत्त्व आहे.

डेड पिक्सेल कसे शोधायचे?

मऊ कोरड्या कापडाने पडदा पुसा. नाहीतर धुळीचे कण मोजत बसाल. मग काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा असे पाच रंग पाळीपाळीने पूर्ण पडद्यावर आणा. लागोम नावाच्या संकेतस्थळावर यासाठी तयार पानं आहेत. नाहीतर कोणत्याही चित्रकामाच्या प्रोग्रॅममध्ये पाच रंगांची चित्रं करून पूर्ण पडद्यावर उघडली तरी चालतं. पडद्याचे मनातल्या मनात सहा-आठ चौकोन करा आणि एकेका चौकोनावरून सावकाश नजर फिरवा. रुंद पडद्याचे कोपरे हमखास सुटतात.

पांढऱ्यावर काळा ठिपका दिसला तर तो पिक्सेल मेलेला आहे. काळ्यावर लाल, हिरवा किंवा निळा ठिपका चमकत असेल तर तो अडकलेला आहे. अडकलेला कधीकधी आपोआप सुटतो, मेलेला सुटत नाही. माझ्या एका मॉनिटरवर असा लाल ठिपका होता, डावीकडून तळहाताएवढ्या अंतरावर. पांढऱ्या पानावर तो कधीच दिसायचा नाही. काळ्या पडद्यावर मात्र नजर दुसरीकडे जाईच ना. मी तो परत केला.

परत घेतीलच असं मात्र धरून चालू नका. आयएसओ ९२४१-३०७ या मानकात पिक्सेलच्या दोषांचे वर्ग ठरवलेले आहेत. शून्य वर्गात एकही दोष चालत नाही, पण त्यापुढच्या वर्गांत दर दहा लाख पिक्सेलमागे काही दोषांना मुभा असते. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात हे ध्यानात घेतलं, तर वॉरंटीचं कलम आधी वाचणं का गरजेचं ते समजेल. विक्रेत्याची परतीची मुदत बहुधा या कलमापेक्षा आपल्याला जास्त सोयीची असते, म्हणून ही तपासणी पहिल्याच दिवशी करा.

काळ्या पडद्याच्या कोपऱ्यांत उजेड दिसतो. मॉनिटर खराब आहे का?

दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. खोलीत अंधार करा, पडदा पूर्ण काळा करा आणि समोर बसा. कोपऱ्यात उजेड दिसतो आहे? आता जागा न सोडता डोकं डावीकडे न्या, मग उजवीकडे, मग थोडं मागे सरका. उजेड तुमच्याबरोबर सरकत असेल, कमी-जास्त होत असेल, तर ती आयपीएसची नेहमीची झाक आहे. ती सगळ्यांत असते, नग बदलून जात नाही. उजेड जागचा हलत नसेल, कडेतून आत पिवळट जीभ शिरल्यासारखा दिसत असेल, तर मागचा प्रकाश चौकटीतून गळतो आहे. हा त्या नगाचा दोष आहे आणि जास्त असेल तर बदलून मागायला हरकत नाही.

मोबाइलने काढलेल्या फोटोवरून मात्र निर्णय घेऊ नका. अंधारात कॅमेरा उजेड वाढवून घेतो आणि मामुली झाकसुद्धा फोटोत आग लागल्यासारखी दिसते. डोळ्यांना जे दिसतं तेच खरं धरा.

पडदा सगळीकडे सारखा उजळ आहे हे कसं पाहायचं?

पूर्ण पडद्यावर मध्यम राखाडी रंग आणा आणि दोन पावलं मागे उभे राहा. उभे पट्टे, डाग, एका बाजूला गुलाबी किंवा हिरवट छटा असेल तर इथे दिसते. मग पांढरी लहान खिडकी उघडून ती सावकाश डावीकडून उजवीकडे ओढत न्या. अल्ट्रावाइडमध्ये दोन्ही टोकांचा पांढरा जरासा वेगळा असणं सर्रास आढळतं. मजकुराच्या कामाला ते चालतं. फोटो दुरुस्त करणाऱ्याला चालणार नाही, कारण एकाच चित्राची छटा ते सरकवल्यावर बदलते.

गडद आणि फिकट छटा नीट दिसतात का?

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी राखाडी पायऱ्यांची पट्टी उघडा. सर्वांत गडद दोन-तीन पायऱ्या एकमेकींत मिसळून गेल्या असतील, किंवा उलट काळाच राखाडी, धुवट दिसत असेल, तर मॉनिटरला दोष देण्याआधी एक सेटिंग बघा. एचडीएमआयवर कॉम्प्युटर कधी टीव्हीसारखा सिग्नल पाठवतो. त्यात काळ्याची किंमत ० ऐवजी १६ आणि पांढऱ्याची २५५ ऐवजी २३५ असते. दोन्ही टोकांना ‘फुल’ निवडा. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्येही आणि मॉनिटरच्या मेनूतही.

रंग अंगावर येतील इतके भडक वाटत असतील तर मेनूत एसआरजीबी मोड (साध्या चित्रांना लागणारे नेहमीचे रंग) शोधा. नव्या मॉनिटरची रंगकक्षा, म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांचा पल्ला, मोठी असते आणि साधी चित्रं त्यात गरजेपेक्षा भडक दिसतात. छपाईसाठी किंवा पैसे घेऊन फोटोचं काम करणार असाल तर डोळ्यांवर न जाता कॅलिब्रेशनचं, म्हणजे रंग मोजून जुळवणारं, यंत्र वापरा.

अक्षरं पुसट दिसतात. नवा मॉनिटर, मग असं का?

कारणं बहुधा पुढच्या क्रमाने सापडतात. रिझोल्यूशन मूळ नाही. किंवा एचडीएमआयवर मॉनिटर स्वतःला टीव्ही समजून चित्र किंचित ताणतो आहे आणि टास्कबारची कड कापली जाते. तर मेनूतलं ओव्हरस्कॅन बंद करा. किंवा शार्पनेस जास्त आहे, मग काळ्या अक्षराभोवती पांढरी कड दिसते. ती जाईपर्यंत तो उतरवा. यानंतरही पुसट असेल तर निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल अक्षरं लिहून पाहा. ती चिखलासारखी पसरली, तर केबलची क्षमता कमी पडून रंगाची माहिती अर्धीच पोचते आहे. केबल बदला किंवा हर्ट्झ कमी करा. शेवटी विंडोजमधलं क्लिअरटाइप (अक्षरांच्या कडा स्वच्छ करणारी सोय) त्या मॉनिटरवर पुन्हा जुळवून घ्या.

डोळे दुखतात. मॉनिटर लुकलुकतो का ते कसं कळेल?

रात्री खोली अंधारी करा, पांढरं पान पूर्ण पडद्यावर उघडा आणि ब्राइटनेस निम्म्याच्या खाली आणा. पडद्यासमोर पेन्सिल धरून पंख्यासारखी जोरात हलवा. सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक. पाच-सहा सुट्या पेन्सिली दिसल्या, तर मागचा दिवा झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी केला जातो आहे. सगळ्यांना त्याचा त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांचं डोकं खरंच दुखतं. माहितीपत्रकात ‘फ्लिकर-फ्री’ लिहिलं असलं तरी ही चाचणी करा.

पण डोळे दुखण्याची कारणं जास्त करून साधी असतात: गरजेपेक्षा जास्त ब्राइटनेस, पाठीमागची उघडी खिडकी, फार जवळ बसणं. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली आणि अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं ठेवून आधी आठवडाभर बघा.

हालचाल तपासायला काय वापरू?

टेस्ट यूएफओ हे पान ब्राउझरमध्ये उघडा. सरकणाऱ्या तबकडीचा पाठलाग डोळ्यांनी करा आणि मेनूतली ओव्हरड्राइव्हची पायरी बदलून बघा. व्हीए असेल तर काळ्या पानावर गडद राखाडी मजकूर भरभर सरकवा. अक्षरांना काळपट शेपूट दिसेल. किती दिसतं ते तुम्हाला चालणार का, एवढंच ठरवायचं.

चित्रपटात काळ्या पट्ट्या का येतात?

चित्राचं प्रमाण आणि पडद्याचं प्रमाण जुळत नाही म्हणून. २.३९:१ चा चित्रपट १६:९ वर लावला की वर-खाली पट्ट्या येतात, २१:९ वर तो जवळपास पूर्ण भरतो. उलट १६:९ चा व्हिडिओ २१:९ वर लावला की रुंदीचा साधारण चौथा भाग रिकामा राहतो. चित्र ताणून पट्ट्या घालवू नका, माणसं जाडी दिसतात.

स्टँड चांगला नाही. बदलता येतो का?

मागे चार भोकं असतील तर येतो. ती बहुधा ७५ × ७५ किंवा १०० × १०० मिलिमीटरच्या चौकोनात असतात आणि तेच माप असलेला कोणताही आर्म (मॉनिटर धरणारा हात) बसतो. वजन मात्र बघा. मोठे वक्र अल्ट्रावाइड साध्या आर्मवर हळूहळू खाली झुकतात, आणि मग दर दोन दिवसांनी स्क्रू आवळत बसावं लागतं.

बारीक दोष सापडला आहे. ठेवू की परत करू?

चाचण्यांची पानं बंद करा आणि मुदत संपायच्या आत तीन-चार दिवस फक्त नेहमीचं काम करा. काम करताना तो दोष आपणहून नजरेत आला तर परत करा आणि त्यात संकोच बाळगू नका. शोधूनच सापडत असेल तर ठेवा. बदलून येणाऱ्या नगात तो ठिपका नसेल, पण कदाचित कोपऱ्यातून प्रकाश गळत असेल, आणि ही सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल.